मस्कतिणीचं झाकण

६ ऑक्टोबर १९८६

आज मिरजोळ्याला कामावर रुजू झालो. तंत्रशाळेतली सुतारकाम शिकवण्याची हंगामी नोकरी जूनमध्ये संपली, तेव्हापासून गुहागरला घरी बसून आईच्या डोळ्यांत खुपत होतो. आता मी सुपरवायझर. हाताखाली तीन सुतार आणि दाराशी एक पहारेकरी. एस.टी.तून उतरून सामान घेऊन चालत आलो तरी थकवा म्हणून नाही.

इथे खिडक्यांच्या चौकटी आणि फोटोफ्रेमा होतात. मालक पाथरेशेठ सात वर्षं मस्कतला होते. येताना त्यांनी टेबलावर बसणारी विजेची करवत आणली. दांडा खाली ओढला की गोल पातं लाकडात उतरतं आणि पंचेचाळीस अंशांचा कोन असा निघतो की जोडात केस जाणार नाही. कामगार तिला मस्कतीण म्हणतात. बाई मला पाहताक्षणी आवडली.

खोट एकच. पात्यावर झाकण नाही. ती चालवणारा महिपत हसून म्हणाला की तिला झाकलेलं खपत नाही. मीही हसलो. उद्यापासून बघू.

नवं पेन गळतंय. मधल्या बोटाच्या पेरावर निळा डाग पडलाय, साबणानेही जात नाही.

८ ऑक्टोबर

पाटी रंगवून भिंतीवर लावली. बाह्या दुमडा. हातमोजे नकोत, पातं ते ओढून घेतं. लाकूड क्लॅम्पने आवळा. हात पात्यापासून वीतभर लांब. कापून झालं की बटण सोडा, दांडा खालीच धरा, पातं पूर्ण थांबलं की मगच उचला. तुकडा काढण्याआधी प्लग काढा.

पातं थांबायला किती वेळ लागतो ते सर्वांना मोजायला लावलं. दहा आकडे. महिपत शहाण्या पोरासारखा मोठ्याने मोजतो. त्याला दोन लहान मुली आहेत, हात शाबूत राहायला हवेत. शेठनी पाटी वाचली आणि अक्षराचं कौतुक केलं.

९ ऑक्टोबर

पहारेकरी भिकाजी उजवा हात सतत पंच्याखाली ठेवतो. आज कारण कळलं. गेल्या वर्षी मस्कतीण तोच चालवायचा. तीन बोटं गेली. शेठनी जमीन लगेच झाडून घेतली आणि भुसा पोत्यांत भरून नेहमीसारखा शेगड्यांसाठी वाटून टाकला. बोटं त्यातच गेली.

त्याची बायको सगुणा रोज दुपारी भुसा न्यायला येते. मला वाटलं शेगडीसाठी. ती मागच्या पडवीत बसून पिठाच्या चाळणीने तो चाळते. माणूस सगळा जळला पाहिजे, म्हणे, तीन बोटं मागे ठेवून जायचं नाही. वर्षभर चाळतेय. मला फार वाईट वाटलं.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रं धुतली, झेंडू बांधला, पात्याला कुंकू लावलं. गाऱ्हाणं भिकाजीने घातलं. नवीन माणूस म्हणून मला पुढे उभं केलं होतं. काम वाढू दे, व्हय म्हाराजा. लायटी जाऊ नयेत, व्हय म्हाराजा. सगळ्यांबरोबर मीही म्हणत गेलो. गाऱ्हाण्यात कोण शब्दांकडे लक्ष देतो? पोटात कावळे ओरडत होते.

शेवटी त्याने आवाज चढवला. “ज्यो हात तुला झाकील, त्यो हात तुजा.”

व्हय म्हाराजा, असं मी म्हणून गेलो होतो. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

१३ ऑक्टोबर

भिकाजीला एकट्याला गाठलं. आधी त्याने पंचा हातावर घट्ट गुंडाळला. मग बोलला आणि माझं डोकं फिरलं. ते वाक्य देवाधर्माचं नाही, शेठचं आहे. झाकण असलं की काम सावकाश होतं, म्हणून शेठनीच ते काढलं. भिकाजीची बोटं गेली ती झाकण नव्हतं म्हणून. भरपाईचा विषय निघाला तेव्हा शेठनी बोभाटा केला की यानेच झाकण घालून तिला डिवचलं. पहारेकऱ्याची नोकरी हवी असेल तर दरवर्षी गाऱ्हाण्यात तसं म्हण, ही अट घातली. आपल्याच हाताची चुगली हा माणूस दर खंडेनवमीला देवापुढे करतो. शेठची शिसारी आली.

झाकण माळ्यावर पॉलिशच्या डब्यांमागे सापडलं. उद्या बसवतो.

१४ ऑक्टोबर

बसवलं. चारही स्क्रू माझ्या हाताने. महिपत दोन पावलं मागे सरकला. मी स्वतः वीस चौकटी कापून दाखवल्या.

थांबायला सतरा आकडे लागले. बेअरिंगला तेल जास्त झालं असेल.

१६ ऑक्टोबर

सकाळी झाकण माझ्या टेबलावर होतं. या वहीवर. स्क्रू ओळीत मांडलेले. महिपतवर ओरडलो. त्याने मुलींची शपथ घेतली. पुन्हा बसवलं.

एकतीस आकडे. महिपत आता मोठ्याने मोजत नाही.

१८ ऑक्टोबर

पुन्हा टेबलावर. कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे.

शेठनी बोलावलं. माल मागे पडतोय. झाकण बसवायचंच म्हणालात तर उद्या दुसरा सुपरवायझर येईल, म्हणाले. मग एका कागदावर सही घेतली. पाटीवरचे नियम मी वाचले आहेत, अपघात झाल्यास चूक माझी. माझीच पाटी. माझंच अक्षर. सही केली, झाकण टेबलावरच ठेवलं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, आणि त्याची लाज वाटते.

सत्तर आकडे.

२० ऑक्टोबर

प्लग काढला. वायर हातात धरली. पातं फिरतच होतं. दोनशे दहा. सगळे पाहत होते.

२१ ऑक्टोबर

सगुणा दुपारी माझ्याकडे आली. चाळणी पदराखाली. तिला सापडली, तीनही. वाळलेली, शेंगांसारखी. मी बरं म्हणालो. ती गेली नाही.

“मास्तर, बोटा तीन व्हती. ह्या चवथा कुनाचा?”

चौथं ताजं होतं. पेरावर निळा डाग.

माझी मोजली. पाच आहेत. पुन्हा मोजली. मधल्यावरचा डाग गेलाय. आज लिहिताना पेन गळतंय, पण त्या बोटाला शाई लागत नाही—

२२ ऑक्टोबर

पहाटेची गुहागरची एस.टी. पकडायची होती. पिशवी भरली. मग— कुठे जाऊ? बोट इथे आहे.

आणि मी गेलो की महिपत कायमचा उघड्या पात्यापुढे उभा राहणार. शेठनी त्याला सांगूनही ठेवलंय.

भिकाजी म्हणाला, वाक्य खोटं होतं, पण आपण सगळे व्हय म्हणालो ना. म्हणजे पुढल्या वर्षी माझाच हात दोषी ठरवून गाऱ्हाणं घालतील. सगळे व्हय म्हणतील. महिपतसुद्धा. जळो ती नोकरी.

२३ ऑक्टोबर

महिपतला घरी धाडलं. एक दिवस झाकणासकट, नियमाने, धड पार पडला की तो विश्वास ठेवेल. एवढंच हवंय.

झाकण बसवलं. बाह्या दुमडल्या. क्लॅम्प आवळला. एक चौकट कापली. बटण सोडलं. प्लग काढला, समोर लोंबतोय. वही फळीवर, वीतभर लांब. डाव्या हाताने दांडा खाली धरलाय, उजव्याने लिहितोय.

तीनशे— चारशे ऐंशी— पडवीत चाळणीचा आवाज. सगुणा आज लवकर आली—

सहाशे—

थांबली.

थांबली. झाकणाखालून पात्यावरचा कुंकवाचा ठिपका दिसतोय, हलत नाही. शंभर मोजले. तरी हलत नाही. सगळे नियम पाळले, पाटीवरचा एकही सोडला नाही. एक तुकडा अडकलाय पात्यापाशी. तेवढा काढतो आणि महिपतला बोलावणं—