पाच किलोच्या आत

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार. सुपे.
ठरलं. २६ तारखेच्या सोमवारी पायी निघायचं, थेट कळसूबाई. पारनेर, टाकळी, संगमनेर, अकोले, बारी. मला विषमज्वर झाला तेव्हा रतनबाई देवीला नवस बोलली होती, हे बरे झाले तर पायी येऊन नऊवारी लुगड्याने ओटी भरीन. मी बरा झालो. लुगडं आणून तिने ट्रंकेत ठेवलं. मग तीच गेली. त्याला दीड वर्ष झालं. लोक म्हणतात मास्तर रडले नाहीत. वेळच मिळाला नाही, शिलाईचा सीझन होता.
लुगडं तेवढं पोचतं करायचं. साधं काम आहे. ओटी तिथली एखादी बाई भरील.

६ फेब्रुवारी
नगरच्या जुन्या बाजारातली मिलिटरीची पाठपिशवी भरली. शेजारी इब्राहिमची कोळशाची वखार, तिथल्या काट्यावर टांगली. चौदा किलो. इब्राहिम म्हणाला, मास्तर, ह्या गुडघ्यावर पाच किलोच्या वर न्याल तर पारनेरच्या अलीकडंच तुमाला उचलून आनायला मला यावं लागंल. ठीक आहे. पाच किलोच्या आत. टेलरला कटिंग शिकवायची गरज नाही.

९ फेब्रुवारी
गुळाच्या पुडीचा कागद वाचला. हिमालयात चढणारे साबणसुद्धा अर्धा कापून नेतात. पुढचं फाटलेलं होतं, पण मुद्दा कळला. साबण कापला. कंगवा अर्धा केला, डोक्यावर तरी कुठे पूर्ण काम उरलंय. छत्रीची मूठ कापली. घोंगडीचे मधोमध दोन तुकडे, एकच न्यायचा.
संध्याकाळी सून गोजर खडी फोडून आली. सध्या सगळं गाव दुष्काळी कामावर आहे, कपडे शिवायला कोण येणार? म्हणाली, मामा, घरात येक तरी वस्तू धड ठिवनार हाय का न्हाई? तिला वजनाचं शास्त्र माहीत नाही.

११ फेब्रुवारी
अंगणात झोपून ट्रायल घेतली. अर्ध्या घोंगडीतून पाय बाहेर राहतात. दोन्ही तुकडे घेतले. मूठ नसलेली छत्री धरता येत नाही, तिला काठी बांधली. काटा: साडेचौदा. म्हणजे आपण कुठे चुकतो ते कळलं. हीही प्रगतीच.

१४ फेब्रुवारी
इस्त्री काढली. मुक्कामाला चुरगळलेला सदरा बरा दिसत नाही म्हणून घेतली होती, पण तीच पाच किलो निघाली. पाण्याचा फिरकीचा तांब्याही काढला. पाण्याइतकं जड काही नसतं आणि पाणी गावोगाव मिळतंच. गोजर तेव्हा हंडा घेऊन टँकरच्या लायनीला निघाली होती. दारात थांबली. म्हणाली, कोन्त्या गावात वो मामा? मी म्हटलं, वाटेतल्या.

१७ फेब्रुवारी
चालण्याची ट्रायल, वाघुंड्याच्या रस्त्याला. वेशीपर्यंत उत्तम. पुढे गुडघ्याने थोडा विचार केला. परतीला बैलगाडी भेटली. गाडी आपल्याच बाजूला येत होती, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ट्रायल पास.

२० फेब्रुवारी
सहा किलो. इब्राहिम म्हणतो, मास्तर, कात्री काढा, ती येकलीच पाऊन किलो भरंल. कात्री कशी काढू? चाळीस वर्षं हातात आहे. मी तिला सामानात धरतच नाही. काट्याला ते कळत नाही.

२२ फेब्रुवारी
सव्वापाच. आता काढण्यासारखं काही नाही.
दुपारी लुगडं उलगडलं. हिरवं, इरकली, घडी मोडलेली नाही. वजनाला दांडगं. हल्ली बाया पाचवारीच नेसतात, देवीलाही फॅशन कळत असेल. खडूने रेघ मारली. कापलं. कटिंग सरळ आलं. काटा पाचाच्या खाली गेला. इब्राहिमने कपाळाला हात लावून सलाम केला. मला आनंद झाला असावा.

२३ फेब्रुवारी
गोजरला ट्रंकेवर उरलेला तुकडा दिसला. म्हणाली, आत्याबाईंचं लुगडं कुनी फाडलं? मी म्हटलं, फाडलं नाही, कटिंग केलंय. ती मटकन खाली बसली. म्हणाली, मामा, कात्री लागल्यालं वटीला चालत न्हाई, अख्खंच लागतं. उभा जलम कापडात गेला अन तुमाला येवढं म्हाईत न्हाई? मी म्हटलं, माझ्या हातात येतं ते कापायलाच येतं. तिला वाटलं मी विनोद केला.
दुसरं घेऊ म्हणालो. म्हणाली, त्ये तुमचं हुईल. त्यांचं कसं हुईल?

२४ फेब्रुवारी
दोन्ही तुकडे मशीनवर जोडले. काठाला काठ, चौकड्याला चौकडा. इतकी सरळ शिवण याआधी कधी आली नव्हती. लांबून अजिबात दिसत नाही. गोजरला दाखवलं. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. म्हणाली, लागतंय, मामा. मग मी फिरवलं. लागतं.
बराच वेळ मशीनपाशीच होतो. डोळ्यांत कोळशाची कणी गेली असणार, वखार शेजारीच आहे. दोन्ही डोळ्यांत गेली. गोजरने पदर पुढे केला.

२६ फेब्रुवारी, सोमवार
पिशवी काट्यावर टांगली. लुगडं काढल्यावर सव्वाचार. पाचाच्या पुष्कळ आत. गुडघाही आज बरा आहे.
इब्राहिमने काटा वाचला. मग म्हणाला, मास्तर, मंग निघायचं कधी?
म्हणालो, सोमवारी.
कोणत्या, ते त्याने विचारलं नाही.