डब्यातली चौथी चिठ्ठी

४ मार्च, रविवार

तिघांची तीन तोंडं, आणि तिन्ही उघडी! ड्रायव्हरला त्याच्या लोहारासाठी घोडा हवा. नर्सबाईला तिच्या वैदिणीसाठी नवरा हवा — "दिसायला बरा, बोलायला कमी." छापखान्यातल्या प्रूफवाल्याला मारामारी कमी आणि नकाशे जास्त. मी काय दुकान मांडलंय?

मांडलंय म्हणा, पण ते कपडे उसवून-आवळून द्यायचं. रविवारी दुपारी कापायच्या टेबलावरचे ढीग खाली जातात आणि आमचा खेळ वर चढतो. गोष्ट मी सांगते. प्रत्येकाचा त्यात एकेक गडी. गड्याने काय करायचं ते तो सांगतो, जमलं की फसलं ते फासे सांगतात. पुढचं परत मी. पन्नाशीची बाई, चौथी शिकलेली, राक्षसाचा आवाज काढते! शेजारीण म्हणाली, "वय काय, करतेस काय!" म्हटलं, तुझ्या सासूचाच काढते, ये ऐकायला.

तिघांनाही सुनावलं — तोंडी मागायचं नाही! माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा नियम आहे. डाव्या हाताने चिठ्ठी लिहायची, नाव घालायचं नाही, बटणांच्या डब्यात टाकायची. डाव्या हाताचं अक्षर सगळ्यांचं एकच, कोंबडीचे पाय. मग मागायला लाज नाही. "मागणं कागदावर, देणं खेळात," म्हणायचा. तो गेला तरी डबा तोच आहे.

तोंड वाकडं करून लिहिल्या तिघांनी.

६ मार्च

डबा पडला. बटणं घरभर! झाकण वाकलं, त्याच्या आत बसवलेला जुना पुठ्ठा सुटून आला. पुठ्ठा फेकला, झाकण हातोडीने ठोकून सरळ केलं. बटणं, चिठ्ठ्या, धूळ — सगळं परत डब्यात कोंबलं. निवडायला वेळ कुणाला आहे.

८ मार्च

दिवसभर पँटींना चेनी लावल्या. हात चालू असले की डोकं मागे जातं.

दादा छापखान्यात होता. तिथल्या रद्दीत त्याला या खेळाचं परदेशी पुस्तक सापडलं, पुढची पानं गायब. गेलेले नियम त्याने मनाने घातले. मी चौदाची. पहिल्याच दिवशी माझी राजकन्या विहिरीत पडली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. दादा म्हणाला, "अगं, रडतेस काय, पोहायला येतं का ते सांग!" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "येतं म्हण, आणि जेवायची पानं घे!" असं ते घर होतं.

शेवटी तो दवाखान्यात होता, तेव्हा खेळ मी चालवला. इतकी वर्षं गोष्ट सांगणारा तो, पहिल्यांदा स्वतः गडी घेऊन बसला. नावाडी. मी आणि त्याचा छापखान्यातला दोस्त, हा प्रूफवाला, डबा घेऊन जायचो. दादा जेवणाच्या ट्रेवर फासे टाकायचा. दर रविवारी मी त्याच्या नावेपुढे लुटारू सोडायची आणि लढाई अर्धी ठेवायची. अर्धी लढाई टाकून दादा कुठे जातोय! असा माझा हिशेब.

पाच रविवार झाले. सहावा आला नाही.

नाव अजून नदीच्या मधोमध आहे. अकरा वर्षं. प्रूफवाला एकदा म्हणाला, "नावाड्याला काठाला लावायचं का?" मी असं बघितलं की चहा अर्धा टाकून गेला बिचारा. नदीकडे कुणी जायचं नाही. बस.

१० मार्च

उद्यासाठी चिठ्ठ्या वाचल्या. माणसं तीन, चिठ्ठ्या चार! घोडा. नवरा. नकाशे. आणि चौथी — "माझ्या गड्याला घरी जाऊ दे. लढाई पुरे झाली."

ड्रायव्हरच, दुसरं कोण! नवी मुलगी झालीय, टेबलावर जांभया देतो. एका हाताने घोडा मागतो, दुसऱ्याने सुट्टी. बरं बाबा, देते.

११ मार्च, रविवार

वाजतगाजत लोहाराला घरी पाठवला. गावच्या वेशीवर त्याची म्हातारी उभी केली, तिचा आवाजही काढला. मला वाटलं ड्रायव्हर खूश होईल. तो लालबुंद!

"ताई, हे कुणी मागितलं?"

"तूच की!"

"मी घोडा मागितला होता! नको असेन तर सरळ सांगायचं. आठवड्यातनं ही एक दुपार माझी असते."

मी म्हटलं, "चिठ्ठी टाकून वर मलाच?" तो फासे तिथेच ठेवून गेला. नर्सबाई म्हणाली, "तुमचं तोंड म्हणजे कात्री आहे." प्रूफवाल्याने फासे गोळा केले. दोघांपैकी कुणीच कबूल होईना.

खेळ मोडणार आता. दादाचा खेळ, माझ्या हातून.

१४ मार्च

चिठ्ठी घेऊन बस डेपोत गेले. ड्रायव्हर पायरीवर बसून डबा खात होता. चिठ्ठी पुढे धरली. "बघ. तुझी नाही?"

त्याने वाचली. उलटी केली.

"ताई, मागचं वाचलंत?"

मागचं! ते कोंबडीचे पाय मी पुढचेच कसेबसे वाचते, मागे कोण बघतंय. त्याने हळू वाचून दाखवलं. दवाखान्याचा छापील कागद होता. रुग्णाचा आहार. मीठ वर्ज्य. खाट चौदा.

त्या खाटेच्या पायाशी पाच रविवार मी बसले होते.

झाकणाच्या पुठ्ठ्यामागे गेली असणार. दादाने नियमाने टाकली, डाव्या हाताने, बिननावाची. आणि मी त्याच्यावर लुटारू सोडत राहिले. प्रत्येक वेळी हसून फासे उचलायचा. तोंडाने एकदा म्हणाला असता तर! पण नियम त्याचाच.

ड्रायव्हरने पाण्याची बाटली दिली. म्हणाला, "रविवारी येतो मी. घोडा मात्र पाहिजे हां."

१८ मार्च, रविवार

सगळे आले. नदीवर गेलो. लुटारू नव्हते. फासे मी पिशवीतून काढलेच नाहीत. प्रूफवाल्याने वल्हं मारलं, नाव काठाला लागली. तिथून नावाडी लोहाराच्या नव्या घोड्यावर बसून घरी गेला.

दार मी उघडलं.