कपाटाची चावी

ता. ३ फेब्रुवारी

चि. वहिनीस ताईचे अ. आ.

दुकानात शिलाई यंत्रांच्या खडखडाटात लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मी बोलवायचं आणि तू कारण काढायचं, असं किती दिवस चालणार? धाकट्याला दोन दिवस स्वतःचा चहा करून घेता येत नाही का?

बंदुकीच्या परवान्यासाठी त्यानं जामीन म्हणून माझं नाव दिलंय. नवा कायदा भलताच कडक दिसतो. परवाना कार्यालयातल्या बाईंनी फोनवर माझी उलटतपासणीच घेतली. भाऊ झोपतो का, पितो का, कधी निराश वाटला का. मी ठणकावून सांगितलं, इतका शांत माणूस शोधून सापडणार नाही, आजारी जनावराला गोळी घालायच्या आधी त्याच्या मानेवरून हात फिरवतो. सहीसुद्धा करून दिली. परवाना गेला तर त्याची रानरक्षकाची नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर ते घर. एवढं केलंय, तर निदान तोंड दाखवून जा.

माया आहेच, पण ती भेटीत दिसू दे.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

पत्र मिळालं. तुम्हीही यात ओढल्या गेलात.

गुरांच्या साथीच्या वेळी गोठ्यातली सगळी जनावरं यांना एका दिवसात मारावी लागली, ते तुम्हाला माहीत आहे. पुढे गुरांचे डॉक्टर पाठीवर खूण करत चालले होते, मागून हे. त्यानंतर यांनी काम टाकलं नाही, जेवण टाकलं नाही, बोलणं मात्र टाकलं. मग एका सकाळी बंदुकीच्या कपाटाची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, लपवून ठेव, कुठे ते मला सांगू नकोस. का, ते मी विचारलं नाही. विचारू नये, इतकं कळलं.

नियमानं ती चावी परवानाधारकाशिवाय कुणाकडे असता कामा नये. बायकोला जागासुद्धा माहीत असू नये. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, डॉक्टरला आता कळवावंच लागतं, मग परवाना संपला. म्हणजे बरं व्हायला गेलं तर घर जातं, आणि घर राखायचं तर असंच राहायचं.

कामाचा निरोप आला की मी यांना बाहेर पाठवून चावी काढते, परतले की घेते. म्हणून येता येत नाही हो. आधी ती कपडे धुण्याच्या पावडरीत होती, मग माळ्यावरच्या जुन्या बुटात, मग उशीच्या अभ्र्यात. रानात जनावराचा माग काढणाऱ्या माणसापासून दोन खोल्यांत काय लपवायचं? आता गळ्यातल्या दोऱ्यात बांधली आहे. आंघोळीलाही काढत नाही.

पुढच्या आठवड्यात परवाना कार्यालयातल्या त्या बाई तपासणीला येणार. मलाही वेगळं बसवून विचारणार. काय सांगू?

तुमची माया असू द्या.
वहिनी

ता. १५ फेब्रुवारी

चि. वहिनीस अ. आ.

पत्र वाचून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. रागावले, मग रडले, मग परत रागावले. एवढे दिवस एकटीनं ओढलंस.

पण आता माझी सही गेली आहे. खरं सांगितलंस तर तुम्ही रस्त्यावर येता आणि मी खोटी ठरते. त्या सकाळी चावी त्याच्या खिशात टाक. बाई गेल्या की काढून घे. एवढा एक दिवस निभाव. बाकीचं मागाहून बघू. हे मलाच पटत नाहीये, पण दुसरं सुचत नाही.

घाबरलेली,
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. चावी यांच्या खिशात टाकली. यांनी खिसा वरून चाचपला.

बाई साध्या होत्या, बूट दाराबाहेर काढून आत आल्या. आधी कपाट बघू म्हणाल्या. यांनी चावी काढली, कपाटापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग मागे वळून त्यांच्यादेखत चावी माझ्या हातात दिली. बाईंना म्हणाले, ही हिच्याकडे असते, मीच तसं सांगितलंय, माझ्या बहिणीला यातलं काही ठाऊक नाही. बाई लिहायच्या थांबल्या. यांना बसा म्हणाल्या, पाणी मी आणलं.

बंदूक त्याच दिवशी गेली, चावीही. परवाना रद्द झाल्याचं पत्र येईल. महिनाअखेर घर सोडायचं आहे. उद्या दवाखान्यात जाणार आहोत. तुमच्या दुकानावरची खोली रिकामी असेल तर कळवा. कापड कापायला शिकेन, म्हणतात हे.

संध्याकाळी भांडी बांधताना हे सहज म्हणाले, पावडरीतली जागा पहिल्याच दिवशी कळली होती, फरशीवर पांढरं सांडलं होतं. बूट कळला, अभ्राही कळला. दोराही.

मी नुसती भांडी बांधत राहिले. कितीदा यांचा हात तिथवर गेला होता, ते विचारलं नाही. गळ्याशी माझा हात अजून जातो.

आम्हा दोघांना पदरात घ्या.
तुमची वहिनी