ऐनवेळी येणारे विषय

प्रिय वनिता,

ग्रामसभा उठत होती आणि तू सरपंचभाऊंच्या हातातला माईक ओढून घेतलास, त्याच क्षणी माझं सगळं बदललं. सुटीपुरता गावी आलो होतो. चंद्रपूरला, कॉलेजात, परत गेलोच नाही.

"माह्या अंगणवाडीचा विषय राह्यला नं भाऊ!" तू म्हणालीस. समोर सतरंजीवर कोण उरलं होतं? मी आणि एक झोपलेला म्हातारा!

आज लिहायला बसलो ते रागानं. आजच्या सभेची नोटीस वाचून आलो. पहिला विषय, कै. वनिताताईंना श्रद्धांजली. मग मंदिराचं गेट, मामा तलावातल्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यातल्या, मासेमारीचा ठेका. आणि तुझी अंगणवाडीची लेकरं? पार खाली, 'ऐनवेळी येणारे विषय' यात!

मेल्यावर तू वर आणि तुझं काम अजून तळाशीच? तीन वर्षांची लेकरं काय ऐनवेळी उगवली गावात?

अंगणवाडीसाठी तू मागत होतीस त्या नव्या सभागृहाला कुलूप तसंच आहे. आत खताची पोती आरामात निजलीत, लेकरं बाहेर गळक्या टिनाखाली खिचडी खातात. कुलूप तोडू म्हटलं, तर हसली होतीस. "तू तोडशीन तं लेकरं एक दिवस बसतीन. गावानं उघडलं तं रोज बसतीन."

मग बचत गटाच्या बाया, आशाताई, पोलीस पाटील, सगळ्यांचे उंबरे झिजवलेस. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे म्हणाले, "बराबर आहे ताई." सभेत कुठी गेले होते गं हे बराबरवाले?

तुझाही राग येतो. ताप अंगात घेऊन घरोघरी काऊन फिरत होतीस? "त्या गरवार बाईले नववा लागला, येतो म्हटलं होतं," म्हणे! तापानं तू पडलीस त्याच दिवशी नाल्याला पूर आला. दवाखान्याची गाडी पलीकडे, तुझी खाट खांद्यावर घेऊन आम्ही अलीकडे. ती गाडीही ऐनवेळचीच!

आणि माझं काय? "आधी कालेज पुरं कर, मंग बोल माह्यासंग." हो म्हटलं नाहीस, नाही पण म्हटलं नाहीस. असं अर्धवट टाकून जातात? कॉलेज अर्धवट टाकणाऱ्यानं हे विचारू नये. तरी विचारतो.

मघाशी बाबा म्हणाले, "कालेज सोडलं, आता लोकाईचे पोट्टे राखाले निघाला काय?"

"लोकाईचे नाई बाबा, गावाचे!" जरा जास्तच ओरडलो. ताट तसंच पडलंय.

हा आठवडाभर मी त्याच उंबऱ्यांवर गेलो. चहा नाही प्यालो. 'बराबर आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, हेच सभेत येऊन म्हणा. बाया लेकरं कडेवर घेऊन येणार आहेत, अगदी सुरुवातीपासून. लेकरं रडतील, सतरंजीवर मुततील. मुतू दे!

कुलपाला हात लावणार नाही, तुझी शपथ. पण दोन मिनिटं मौन पाळू म्हणतील तेव्हा पहिला हात माझा वर होईल. आधी सभागृह लेकरांना द्या, ठराव लिहा, सह्या करा. मग उभे राहा. तुझ्या नावानं गप्प बसणं यांना फार सोपं आहे, वनिता. मी त्यांना गप्प बसू देणार नाही.

बाया बाहेरून हाका मारून राह्यल्या. बाबा विचारतील, कुठी चालला? सांगणार नाही. निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच (हे मीच ठरवलंय),
प्रशांत