कागदावरची पालक

जोलिएट,
१९ डिसेंबर, मंगळवार

प्रिय काझ,

तुला, जॉइसला आणि तुमच्या त्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही माझे आशीर्वाद. इकडे ठीक आहे. थंडीमुळे गुडघा कुरकुरतो, पण चालता येतं. कोबी आंबत घातलाय, पिरोगीच्या करंज्यांचं सारण उद्या करीन. आईच्या हातची चव काही येत नाही. तू दर नाताळला "ताई, अगदी आईसारखी झालीय" म्हणतोस, ते खोटं असतं हे मला माहीत आहे. तेवढं खोटं मी आजवर चालवून घेतलं.

शाळेत मान वर करायला फुरसत नाही. कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचे अर्ज भरून द्यायचे दिवस आहेत आणि मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीतही माझं टेबल असतं. माणसं येतात, आधी हवापाण्याचं बोलतात, मग पुन्हा हवापाण्याचंच बोलतात. आपली कमाई परक्या बाईला सांगायची म्हणजे त्यांना चारचौघांत कपडे उतरवल्यासारखं वाटतं. मी चहा देते आणि वाट बघते.

त्यातली एक रोझेटा. शाळेची बस चालवते. तिच्या इमानीला नर्स व्हायचंय. नवरा केव्हाच परागंदा झालेला, पण अर्जावर त्याची सही लागते अशी हिची समजूत. म्हणून ही बाई सबंध शरद ऋतू त्याला शोधत फिरली. त्याच्या मावशीकडे गेली, त्याच्या जुन्या कारखान्यात गेली. सही आपणच ठोकून द्यावी, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्याकडे आली तेव्हा म्हटलं, "अगं बाई, त्याची सही लागतच नाही." पण तोवर राज्याचा निधी संपला होता. जो आधी येईल त्याला मिळतो, तुला माहीतच आहे. तुला तर फारच चांगलं माहीत आहे.

बघ, मी किती वेळ इकडचंतिकडचं लिहीत बसले. फोनवर तू विचारलंस, "ताई, सगळं कायद्यात बसतं, तुझं काय गेलं?" मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात मी रोझेटाशी बोलत असताना एक जोडपं आलं. तुमच्याच गावचं. बाईचा कोट असा की रोझेटाने आपली खुर्ची जरा मागे घेतली.

"तुम्हीच ना डॉक्टर काझच्या बहीण?" बाईने विचारलं. "मग आमचंही तसंच करून द्या की. मुलाची मावशी तयार आहे पालक व्हायला."

मला काही कळेना. म्हटलं, "मुलाचे आईवडील कुठे असतात?"

ती हसली. "आम्ही काय, समोरच उभे आहोत."

मग तिने मला माझंच काम समजावून सांगितलं. कोर्टाने दुसरा पालक नेमला की आईबापांची कमाई कुणी विचारत नाही. मुलाची स्वतःची तेवढी बघतात. "तुमच्या भाचीची काय, आइस्क्रीमच्या दुकानातला उन्हाळ्याचा पगार. कागदावर गरीब पोर. आमचा कॉलेज-प्रवेशाचा सल्लागार तुमचंच उदाहरण देतो सगळ्यांना. जी बाई जन्मभर हेच काम करते, तिनेसुद्धा भाचीसाठी केलं, मग यात गैर काय, असं म्हणतो."

रोझेटा शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं. कागद पिशवीत भरले, म्हणाली, "येते मी, बाई," आणि गेली. रोज ती मला हालिना म्हणते.

आता ऐक माझं काय गेलं ते.

गेल्या नाताळच्या आदल्या रात्री आपण जेवायला बसलो होतो. टेबलावर आईच्या पद्धतीने एक ताट जास्तीचं मांडलेलं होतं, वाट चुकून कुणी परका आला तर उपाशी जाऊ नये म्हणून. तू त्या ताटाकडे बोट दाखवलंस. म्हणालास, "ताई, हे ताट आता आमच्या लिडियाचं समज. माझं आणि जॉइसचं फाटलंय. घरात पोरीची आबाळ होते. तू कोर्टातून तिची पालक हो." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं रे. ते कसं आणलंस, ते एकदा मला सांग.

मूल हा विषय मी फार पूर्वी कुलूप लावून बंद केला होता. कुणाला कधी बोलले नाही, तुलाही नाही. पण कोर्टात जज्जबाईंनी विचारलं, "ही जबाबदारी खुशीने घेताय?" तेव्हा माझ्या तोंडून "हो" इतकं मोठ्याने निघालं की त्यांनाही हसू आलं. तूही हसलास. कशाला हसलास ते आज कळतंय.

घरी येऊन आईची शिवणाची खोली रिकामी केली. फिकट हिरवा रंग मी स्वतः दिला, या गुडघ्याने शिडीवर चढून. पोर आली ती दोनदाच. पलंगाच्या कडेवर बसली, बॅगसुद्धा उघडली नाही. मी मनाशी म्हटलं, वयच तसं आहे. मग तुम्ही नवराबायको लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रावर गेलात. मी वेडी, मला आनंद झाला. म्हटलं, जुळलं वाटतं पुन्हा, पोरीचं नशीब. ऑक्टोबरात तू म्हणालास, "दिवसभर लोकांचे अर्ज भरतेस, लिडियाचा आम्ही भरतो." मला वाटलं, भावाला माझी किती काळजी. तू दातांचा डॉक्टर. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे तुला मी काय शिकवणार? पण बहिणीचा असा केसाने गळा कापशील असं वाटलं नव्हतं.

शनिवारी मी लिडियाला बोलावून घेतलं. म्हटलं, "मी तुझी पालक आहे, ये." आली. मी सरळ विचारलं, "का गं येत नाहीस माझ्याकडे?"

मग म्हणाली, "आत्या, मला लाज वाटायची. तुझ्याकडे बघवायचं नाही. बाबा म्हणाले, ही युक्ती तुझीच आहे. खोलीपण कुणी तपासायला आलं तर दाखवायला रंगवलीयस म्हणे."

काझ, पैशाचं एक वेळ मी गिळलं असतं. पण पोरीच्या मनात मला तू लबाड करून ठेवलंस आणि वर्षभर ती माझ्या दारात यायला लाजली. ज्या खोलीत मी जीव ओतला, ती तिला चोरीचा माल वाटत होती.

मी काही पटवत बसले नाही. त्या खोलीतलं कपाट उघडलं. आत तिच्या मापाच्या सपाता होत्या, लोकरीचे मोजे होते, ती लहानपणी मागायची ते खसखशीच्या बिस्किटांचे डबे होते. शिळे झालेत, मी टाकले नव्हते. "तपासणीवाल्याला सपाता कशाला गं लागतील?" एवढंच म्हटलं. रडली, खूप रडली. मग म्हणाली, "मला हा हिरवा आवडला होता."

काल आम्ही दोघींनी तिला प्रवेश मिळालाय त्या कॉलेजच्या मदतकचेरीत फोन लावला. बोलली ती, मी नुसती शेजारी बसले होते. मी आईबापांकडेच राहते, तेच मला पोसतात, अर्ज खोटा आहे, असं तिने सांगितलं. सगळं सांगेपर्यंत थांबली नाही. मंजूर झालेली मदत थांबेल. तुमच्या कमाईचे कागद मागवतील, ते मुकाट्याने दे. आणखी काय करतील ते त्यांनी सांगितलं नाही. ती घाबरली आहे आणि मीही. तुमचं ते सुट्टीचं तळ्याकाठचं घर विकायची वेळ आली तर विक, पण तिला शिकव.

थांबलेल्या मदतीतलं काही इमानीला मिळेल असं समजू नकोस, मीही तशी आशा धरत नाही. रोझेटाकडे जाऊन आले. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं, आत ये म्हणाली नाही. तिच्याकडे मी पुन्हा जाणार आहे. दुसऱ्या मदती शोधायच्या बाकी आहेत.

तुझा वकील आता पालकत्व मागे घ्यायला धावेल. लिडिया मे महिन्यात अठराची होते. तोवर मी सोडणार नाही. तू सह्या करून दिलेलं पालकत्व तुला खोटं वाटत असेल, मी ते खरं मानलंय.

तर माझं काय गेलं? माझा भाऊ गेला.

चोवीस तारखेला लिडिया माझ्याकडे जेवायला आहे. या वेळी तिचं ताट वेगळं मांडणार आहे, तिचं म्हणून. जास्तीचं ताटही असेल, आईचा शिरस्ता मी मोडणार नाही. तू आलास तर त्यावर बस. आई म्हणायची, परका दारात आला तर त्याला नाव न विचारता वाढावं. मीही काही विचारणार नाही.

तुझ्या मुलीची पालक,
हालिना