सर, तुम्ही चुकताय

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

धन्य आहे! आज मुद्दाम खोटं बोललो. म्हटलं, पाण्यात मीठ टाकलं की ते लवकर उकळतं. सहाच्या सहा जणांनी माना डोलावल्या. अफशीनने तर लिहूनही घेतलं! "अगं, हे चूक आहे," म्हटलं, तर म्हणते, "माहीत होतं सर. पण तुम्ही म्हणालात ना..."

कपाळावर हात मारला.

ही सगळी आमच्या डिप्लोमा कॉलेजातली मुलं. कुणाचे वडील ड्रायव्हर, कुणाचे दुकानदार. बारावीनंतर विद्यापीठ परवडलं नाही, म्हणून लॅबचा दोन वर्षांचा डिप्लोमा. आता बी.एस्सी.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचंय. मीही डिप्लोमा करून, थेट दुसऱ्या वर्षाला घुसूनच इंजिनिअर झालो. म्हणून दर शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी, इथे आखातात, रुवीच्या आमच्या घरच्या हॉलमध्ये फुकटची शिकवणी.

अभ्यासात पोरं पक्की आहेत. पण तिथे मुलाखत असते. माझ्या मुलाखतीत एका प्राध्यापकाने धडधडीत चुकीचं सांगून बघितलं होतं, मी टोकतो का! आमची ही पोरं काय टोकणार? मोठ्यांपुढे नुसतं "जी सर". घरचं वळण चांगलं आहे हो, पण तिथे नडणार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नवा नियम. पहिला अर्धा तास मी वाट्टेल ते ठोकणार आणि प्रत्येकाने माझ्या तोंडावर म्हणायचं, "सर, तुम्ही चुकताय." वर कारणही द्यायचं.

रेहानने पंख्याकडे बघत म्हटलं. अफशीन: "सर, माफ करा, म्हणजे तुम्ही बरोबरच असाल, पण थोडंसं..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको. "थांबा, मी दाखवते कसं म्हणायचं!" आणि दारात उभी राहून प्रणालीने माझ्या चुका धडाधड मोजल्या. खाबुऱ्याचा रस्ता चुकलो होतो ते, एसीवाल्याशी भांडलो ते, तिच्या भावाच्या लग्नाला एक दिवस उशिरा पोचलो ते! मुलं हसून लोळली. मी अर्थातच एकही मान्य केली नाही. रस्त्याची पाटीच चुकीची होती!

सोमवार, १३ ऑक्टोबर

रेहानने मेसवाल्याला "तुम्ही चुकताय" म्हटलं. आमटी मिळाली नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

अफशीनचे वडील आले. हुसैनमियाँ. मूळ दापोलीकडचे, इथे बरक्याच्या मासळीबाजारात गाळा आहे. हातात सुरमईची पिशवी, चेहरा मात्र तापलेला.

"मास्तर, ये क्या पढाते हो? काल माझी पोरगी मला म्हणते, अब्बा, तुम्ही चुकताय! गिऱ्हाइकांसमोर!"

"कशाबद्दल?"

"बर्फाबद्दल." मग जरा थांबून, "तसं बरोबरच बोलली ती. पण म्हणून काय बोलायचं?"

प्रणालीने चहा दिला. चहानंतर मुद्द्यावर आले. एका पाण्याच्या कंपनीत अफशीनसाठी लॅब अटेंडंटची जागा तयार आहे, जानेवारीपासून. "यंदा सीट मिळाली तर शिकू दे. नाय मिळाली तर खलास, नोकरी. पुन्हा पुन्हा परीक्षा नाय. मलाही दम लागतो आता."

माणूस वाईट नाही. थकलाय. पण ही मुलगी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या धूत बसली तर मला सहन होणार नाही.

सुरमई मात्र फर्स्ट क्लास होती.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

बोलावणं आलं! अफशीन एकटीला. रेहान आणि बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू. थेट प्रवेशाची सीट एकच आहे आणि मुलाखतीला बरेच जण आहेत. रात्री उशिरापर्यंत प्रश्न काढत बसलो. मुलाखत माझी असल्यासारखा!

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

शेवटची तालीम. मी खुर्चीत कडक चेहरा करून बसलो आणि काहीतरी फेकलं. अफशीनने माझ्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हटलं, "सर, तुम्ही चुकताय." ना माफी, ना थोडंसं! उठून टाळ्या वाजवल्या. प्रणाली म्हणाली, जिंकली ही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हुसैनमियाँचा फोन, विद्यापीठाच्या बाहेरून. आवाज रडवेला. "मास्तर, पोरीने सगळ्यात मोठ्या प्रोफेसरला तोंडावर सांगितलं, तुम्ही चुकताय! आता कसली सीट नि कसलं काय!"

मी इकडे खुर्चीवरून उडालो. आनंदाने!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अफशीनचा मेसेज. बरक्याच्या शेतांतल्या विहिरी खाऱ्या का होतात, असा प्रश्न होता. जमिनीखाली गोडं पाणी वर आणि समुद्राचं खारं पाणी त्याच्याखाली, एवढं तिने सांगितलं. त्यावर प्राध्यापक म्हणाले, वरचं गोडं पाणी एक मीटर उतरलं, तर खालचं खारं चाळीस मीटर वर चढतं. तिने म्हटलं, चूक, एकाला एकच. पुढे लिहिलंय, "बाकी भेटल्यावर सांगते."

चाळीस! काय सापळा लावला होता बघा! आणि आमची वाघीण सुटली. लगेच फोन करून शाबासकी दिली. "एकाला एकच! अगदी बरोबर!" ती नुसतं "हो सर" म्हणाली. लाजली असेल.

कॉलेजात सगळ्यांना हा किस्सा सांगितला. दोनदा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मिळाली! अफशीनला सीट मिळाली! हुसैनमियाँ पेढे घेऊन दारात, नुसते हसताहेत. पाण्याच्या कंपनीला त्यांनीच नकार कळवला.

मी पुन्हा चाळीसचा किस्सा सुरू केला, तर अफशीन खाली बघायला लागली. "सर, ते चाळीसच होतं. खारं पाणी किंचितच जड असतं ना, म्हणून. त्यांनी खडू दिला. मांडता मांडता मलाच दिसलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, तुम्ही नाही, मीच चुकले. पुसलं, आणि परत मांडलं. त्यावरच घेतलं म्हणाले."

चूक कबूल करायला मी कधीच शिकवलं नव्हतं.

"अगं, मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढे खूश होतात, सर. तुम्हाला कसं सांगणार?"