बाबांचे लहान प्रश्न

५ ऑगस्ट, मंगळ. हरमल
आजपासून चाचणी. मराठीत प्रश्न विचारला की आमचा प्रोग्रॅम ठरवणार, उत्तर धाकट्या एआय मॉडेलने द्यायचं की थोरल्याने. सोपं ते धाकट्याला. वीज वाचते, खर्च वाचतो. चाचणीला घरची माणसं घ्या, साहेब म्हणाले, म्हणून बाबांना घेतलं; ते सुर्ल्याच्या घरूनच मोबाइलवर विचारतील. जन्मभर खाणीचा टिपर चालवलेला माणूस, लगेच समजले. "एका पाटी मातयेक टिपर कित्याक?" पाटीभर मातीला टिपर कशाला! मीटिंगमध्ये मला इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

७ ऑ., गुरु.
बाबांचा पहिला प्रश्न: "एका माणसाला भात किती?" धाकट्याकडे गेला. वाटीला दोन वाट्या पाणी, वीस मिनिटं.
आईला जाऊन पाच महिने. 'एका माणसाला' वाचून जरा बाहेर जाऊन आले.

८ ऑ., शुक्र.
"भात शिजला नाही." धाकटा: थोडं पाणी वाढवा. "परत नाही शिजला." धाकटा: थोडं पाणी वाढवा. आखूड प्रश्न प्रोग्रॅमला सोपा वाटतो; लांबलचक लिहिलं असतं तर थोरल्याकडे गेलं असतं. बाबा चार शब्दांच्या पुढे जात नाहीत.
मग डोक्यात प्रकाश. उकडे तांदूळ! आमच्यात तांदूळ म्हणजे उकडेच, वेगळं कोण लिहिणार? भरपूर पाण्यात तासभर शिजवून पेज गाळायची. माझा बाप कच्चा भात खातोय, नि माझ्या तक्त्यात सगळी उत्तरं 'यशस्वी'.

१० ऑ., रवि. सुर्ला
स्कूटर काढून आले. मला फोन का नाही केला?
"तू कामात आसता. भाताचा ता किता विचारपाचा? मोठा किता आसल्यार फोन करतलो."
मोठं काही असलं तरच मला फोन. म्हणजे घरातला टिपर मी. रागावायला आले होते, रडले. मग दोघांनी आधण ठेवलं. पेज लोणच्याबरोबर प्यायलो. तांदळाच्या डब्यावर माप लिहून चिकटवलं. निघताना बजावलं, लहानसहान असेल ते आधी मला.

१२ ऑ., मंगळ. हरमल
नवा नियम घातला: तीच अडचण परत आली की थोरल्याकडे. साहेब म्हणाले, खर्च वाढेल. वाढू दे (मनात).
प्रोग्रॅमच्या यादीत आज बाबांचा एकही प्रश्न नाही. दर थोड्या वेळाने बघत होते. साडेअकराला फोन: "भाताक पाणी किती?"
डब्यावर लिहिलंय, अक्षर चांगलं मोठं आहे. तरी पहिल्यापासून सांगितलं, पेज गाळेपर्यंत. ते मध्ये मध्ये "हां" म्हणत राहिले.
हरमलला माझ्याकडे राहायला येता का, हे मात्र आजही विचारायचं राहिलं.